कस्तुरी कासव ओळखायचं कसं?

आज आपण एका छोट्या अमेरिकी कासवाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव कॉमन मस्क टर्टल, शास्त्रीय नाव स्टर्नोथेरस ओडोरॅटस. मस्क म्हणजे कस्तुरी. पण सुगंधाची अपेक्षा ठेवू नका! घाबरलं की ते कवचाच्या कडेखालच्या ग्रंथींतून इतका घाण वास सोडतं, की तिकडे त्याला ‘स्टिंकपॉट’ म्हणतात.

दक्षिण ऑन्टॅरिओपासून फ्लोरिडा आणि टेक्सासपर्यंत संथ, गाळाच्या पाण्यात ते राहतं. पूर्ण वाढलेल्या कासवाचं कवच साधारण 8 ते 13 सेंटिमीटर लांब असतं.

मग वासावरून ओळखावं का? नाही. त्याच्या कुळातली इतर कासवंही असाच वास सोडतात. पाठीच्या रंगाचाही भरवसा नाही, कारण कवचावर बरेचदा शेवाळ साचतं. म्हणून तीन जागा पाहायच्या.

पहिली जागा डोकं. नाकापासून मागे दोन फिकट रेषा जातात, एक डोळ्याच्या वरून, एक खालून. वय वाढलं की त्या पुसट होतात, म्हणून इथेच थांबू नका.

दुसरी जागा हनुवटी आणि गळा. तिथे छोट्या मांसल मिशा असतात. रेझरबॅक आणि लॉगरहेड या भाऊबंदांना त्या फक्त हनुवटीवर असतात. याला गळ्यावरही असतात.

तिसरी जागा पोट. पोटाचं कवच लहान, त्याला एकच बिजागरी, आणि खवल्यांच्या फटींतून कातडी दिसते. ईस्टर्न मड टर्टलचं पोटकवच मोठं असतं आणि त्याला दोन बिजागऱ्या असतात. उलटं करून पाहताना कवच मागच्या बाजूनं धरा. मान लांब आहे आणि कासव चावतं.

एवढी बारकाई कशासाठी? अलाबामातल्या ब्लॅक वॉरियर नदीच्या खोऱ्यात याचाच एक दुर्मीळ भाऊबंद राहतो, फ्लॅटन्ड मस्क टर्टल. अमेरिकेनं 1987 साली त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. त्याचं कवच चपटं, डोक्यावर रेषांऐवजी जाळीदार नक्षी. तिथे कॉमन मस्क टर्टलही सापडतं. मोजणीत साधं कासव दुर्मीळ म्हणून लिहिलं गेलं, तर संख्या बरी आहे असा समज होईल आणि खरं संकटातलं कासव गुपचूप कमी होत जाईल. म्हणून एका खुणेवर निर्णय नको. तिन्ही जुळल्या, तरच नाव लिहा.