गारव्याचं गणित कुणी जुळवायचं?

विजेवरच्या मोटारीत एसीचा कॉम्प्रेसर चाकं फिरवणाऱ्या बॅटरीवरच चालतो. गारवा वाढवला की पल्ला घटतो. म्हणून इथे भाकीत करणारा नियंत्रक उपयोगी पडतो. साधा थर्मोस्टॅट तापमान चढल्यावर जागा होतो. हा नियंत्रक ऊन, वेग आणि पुढचा रस्ता पाहून येत्या काही मिनिटांचा अंदाज बांधतो, कॉम्प्रेसर आणि पंखा किती चालवायचा ते ठरवतो आणि नवी मोजमापं आली की हिशेब पुन्हा मांडतो. पण अंशभर उकाडा महाग की शंभर वॉट वीज, हे त्याला आपणहून कळत नाही. ते सांगणारे भारांक अभियंते हाताने बसवतात आणि खरी मेख तिथेच आहे: एक भारांक हलवला की बाकीच्यांचा मेळ बिघडतो. हे काम यंत्राकडे सोपवणंच शहाणपणाचं. बेझियन पद्धत आधीच्या निकालांवरून पुढची चाचणी कुठे घ्यावी हे ठरवते, त्यामुळे मोजक्या फेऱ्यांत चांगले भारांक सापडू शकतात.

या प्रयोगांत प्रवाशांचे हाल होतील, असा आक्षेप घेतला जाईल. पण चाचण्या आधी संगणकातल्या प्रतिकृतीवर घेता येतात. आणि काचेवर बाष्प धरू नये, यासारख्या अटी भारांकांवर सोडायच्याच नसतात, त्या पक्क्या मर्यादा म्हणूनच घालायच्या. आराम माणसागणिक वेगळा, हेही खरं. डॅनिश संशोधक ओले फँगर यांच्या प्रतिमानात सर्वांत अनुकूल हवेतही 5 टक्के लोक नाखूश राहतातच. म्हणूनच कारखान्यात एकदा ठरवलेले आकडे सर्वांवर लादू नयेत. भारांक यंत्राने शोधावेत. आरामासाठी किती पल्ला खर्चायचा, हे मात्र प्रवाशानेच ठरवावं.