'स्टीव्ह' ही सही कोणाची?

गणकयंत्रास काय करावयाचें तें पायरीपायरीनें सांगावें लागतें. आज्ञांच्या या मालिकेस सॉफ्टवेअर म्हणतात. १९६२ च्या सुमारास इंग्लंडांत यंत्राबरोबर अशा आज्ञा फुकट मिळत. त्या विकून कोणी पोट भरील ही कल्पनाच लोकांस हास्यास्पद वाटे. त्याच सालीं अवघ्या सहा पौंड भांडवलावर हा धंदा घरींच मांडणाऱ्या स्टेफनी शर्ली यांची ही हकीकत आहे.

त्यांचा जन्म १९३३ सालीं जर्मनींतील डॉर्टमुंड येथें झाला. वडील ज्यू न्यायाधीश. नाझी अमलांत त्यांची जागा गेली. १९३९ च्या जुलैंत पांच वर्षांची ही मुलगी, नऊ वर्षांच्या बहिणीसह, आईबापांवांचून इंग्लंडास आली व परक्या कुटुंबांत वाढली. ऑस्वेस्ट्रीच्या मुलींच्या हायस्कुलांत गणिताची सोय नव्हती, म्हणून तेवढ्या विषयापुरती ती मुलग्यांच्या शाळेंत जाई. (गणिताचा तास चुकविण्यास निमित्त शोधणारांनीं हें दोनदां वाचावें!) पुढें पोस्टखात्याच्या संशोधनशाळेंत नोकरी करीत, सहा वर्षें रात्रीच्या वर्गांत शिकून तिनें पदवी मिळविली.

लग्न झालें, मूल झालें, कीं शिकलेल्या स्त्रियांची नोकरी सुटे, असा तो काळ. शर्लीबाईंनीं अशाच स्त्रियांस हुडकून घरबसल्या काम दिलें. त्या पेन्सिलीनें कागदावर आज्ञा लिहीत व टपालानें पाठवीत. पहिल्या तीनशे नोकरांत पुरुष अवघे तीन! परंतु कारखानदारांस धाडलेल्या पत्रांस उत्तरें येत ना. तेव्हां पतीच्या सूचनेवरून बाईंनीं 'स्टेफनी'ऐवजीं 'स्टीव्ह' अशी सही आरंभिली, आणि भेटीचीं बोलावणीं येऊं लागलीं. टेलिफोनवर मुलाचा आवाज ऐकूं जाऊं नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावीत. यास कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. पत्र तेंच, लिहिणारी तीच. बदललें तें केवळ नांव.

कॉन्कॉर्ड विमानाच्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या पेटीच्या आज्ञा या घरोघरच्या स्त्रियांनींच लिहिल्या. गंमत अशी कीं, स्त्रीपुरुषभेद मोडणाऱ्या १९७५ च्या कायद्यानें केवळ स्त्रियांस नेमणेंही बेकायदा ठरलें!

कंपनीचे पुष्कळसे भाग बाईंनीं नोकरांस दिले. त्यांपैकीं सत्तर जण दशलक्ष पौंडांचे धनी झाले. त्यांच्या एकुलत्या एका मुलास ऑटिझम होता. तो १९९८ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं, वारला. अशा मुलांसाठीं त्यांनीं प्रायर्स कोर्ट नांवाची शाळा काढली. २०२५ च्या ऑगस्टांत त्या वारल्या, तोंवर बहुतेक संपत्ति त्यांनीं देऊन टाकली होती.