पिन बसली म्हणजे चालते का?

"पिन बसली ना भाऊ, मंग चालते." चार्जर विकत घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला आपल्या भंडाऱ्याच्या बाजारात, आणि भंडाऱ्याच्याच कशाला, तुमसर-साकोलीच्या बाजारातही हे वाक्य ऐकायला मिळते. वाक्य छोटे आहे, सोयीचे आहे आणि अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसले तर लॅपटॉपसारखी महागडी वस्तू धोक्यात येऊ शकते. आणि आपल्यापैकी अनेकांचे लॅपटॉप धानाच्या चुकाऱ्यातून किंवा जपून ठेवलेल्या शिष्यवृत्तीतून आलेले असतात, हे निराळे सांगायला नको. म्हणूनच प्रस्तुत लेखक कलाशाखेचा असूनही हा विषय येथे मांडीत आहे. विज्ञानशाखेच्या मित्रांना काही ठिकाणी विवेचन फार सोपे वाटेल. त्यांनी ते परिच्छेद खुशाल ओलांडावेत.

हा प्रश्न मुळात निर्माण का झाला हे समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गकडे पाहू. तुमसर तालुक्यातील तेथल्या खुल्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते कोरडे सेल बनविण्याच्या कामी येते. आजोबांचा ट्रान्झिस्टर, शेतावर न्यायची टॉर्च, भिंतीवरचे घड्याळ यांना सेल कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी कधीच कर्तव्य नव्हते. त्या त्या मापाचा सेल आणला की काम भागे, आजही भागते. कारण सेलची लांबी-जाडी ठरलेली आणि विद्युतदाबही ठरलेला, दीड व्होल्ट. तेथे 'बसला म्हणजे चालतो' हा नियम तंतोतंत खरा होता. आपल्या दुकानदाराचे वाक्य बहुधा त्याच काळातून चालत आले असावे.

लॅपटॉप आले आणि ही घडी विस्कटली. प्रत्येक कंपनीने आपली गोल पिन निराळी केली. कोणाची जाड, कोणाची बारीक, तर कोणाच्या मध्यभागी सुईसारखी आणखी एक पिन. यांतील बहुतेकांना १९ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. इंटरनेटच्या राउटरला मात्र सामान्यतः १२ व्होल्ट लागतात, काही उपकरणांना ९, काहींना ५. आणि गंमत अशी की यांतील कित्येक पिना एकमेकींच्या सॉकेटमध्ये बिनतक्रार बसतात. गोल पिनेचा चार्जर मुका असतो. समोर कोण उभे आहे याची तो चौकशी करीत नाही. आपल्याकडचा ठराविक दाब देऊन मोकळा होतो. १२ व्होल्टच्या राउटरला १९ व्होल्ट मिळाले तर पिन उत्तम बसूनही राउटर जळू शकतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाईप-सी या लहानशा, उलटसुलट कशीही बसणाऱ्या पिनेचे मानक तयार झाले. या पिनेत वीज वाहून नेणाऱ्या तारांखेरीज बोलणी करण्यासाठी एक स्वतंत्र मार्ग असतो, आणि सारी किमया त्यातच आहे. आपल्याकडे सोयरीक जुळते तशीच ही रीत समजावी. चार्जर प्रथम काहीच देत नाही. पलीकडे कोणी आहे का, हे तो बोलणीच्या मार्गावर पाहतो. उपकरणाने तेथे ५.१ किलोओहमचा एक चिमुकला रोधक ठेवलेला असतो. तो दिसला की ओळख पटते आणि ५ व्होल्ट सुरू होतात. मग चार्जर आपली ऐपत सांगतो: मजजवळ ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, अमुक अँपिअरपर्यंत. उपकरण त्यातले आपल्याला पेलेल ते मागते. चार्जर होकार देतो आणि मगच दाब चढतो. या पद्धतीला 'पॉवर डिलिव्हरी' म्हणतात. २०२१ च्या सुधारणेने तिच्यात २४० वॅटपर्यंत शक्ती देण्याची सोय झाली.

यावरून ध्यानात येईल की, लॅपटॉपचा ६५ वॅटचा असा चार्जर मोबाइलला लावल्यास मोबाइल जळेल ही भीती निराधार आहे. विहिरीत पाणी किती आहे याने बादली फुटत नाही; बादली आपल्यापुरतेच पाणी काढते.

एवढी शक्ती मुठीत मावते कशी, हे कोडे वाचकांना पडेल. या लहान चार्जरांत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर वापरतात. ते फार झपाट्याने चालू-बंद होऊ शकतात. आणि चालू-बंद होण्याचा वेग वाढला की आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो शोध याच पदार्थावर उभा आहे.

आता प्रत्यक्ष पडताळ्याकडे वळू. आमच्या वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे राहतो आणि बोर्ड एकच आहे. तेव्हा वर्गणी काढून ६५ वॅटचा, दोन सॉकेटचा एक लहान चार्जर घेतला. सोबत केबल आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारे व व्होल्ट-अँपिअर दाखविणारे एक मीटरही घेतले. मग आजूबाजूच्या खोल्यांतून जे जे मिळाले ते लावून पाहिले.

टाईप-सीवर चालणाऱ्या नव्या लॅपटॉपने लगेच २० व्होल्ट मागून घेतले. शेजारच्या खोलीतील लॅपटॉपला मात्र अगदी तसेच सॉकेट असूनही मीटर ५ व्होल्टवर बसून राहिले आणि बॅटरी तसूभरही भरली नाही. त्याचे ते सॉकेट केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी होते. अशा सॉकेटशेजारी बॅटरीचे किंवा प्लगचे चिन्ह आहे का ते पाहावे. नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका उघडावी. मोबाइलांपैकी एकाने ९ व्होल्ट घेतले. दुसरा, जो स्वतःच्या चार्जरवर पाऊण तासात भरतो असा त्याच्या मालकाला अभिमान होता, तो येथे रेंगाळत राहिला. कारण वेगाने भरण्याची त्याच्या कंपनीची भाषाच खासगी होती. नुकसान काही नाही, वेळ तेवढा गेला.

सर्वांत चमत्कारिक वागली ती एक स्वस्त टॉर्च आणि गळ्यात घालायचा एक इअरफोन. पिन टाईप-सीचीच, पण मीटरवर शून्य. जुन्या चपट्या पिनेच्या चार्जरवर मात्र दोन्ही बिनबोभाट भरत. कारण सरळ आहे. उत्पादकाने काही पैसे वाचविण्यासाठी तो ५.१ किलोओहमचा रोधकच बसविला नव्हता. जुना चार्जर न विचारता ५ व्होल्ट देतो. नवा चार्जर ओळख पटल्यावाचून काही देत नाही. दोष चार्जरचा नव्हे, पण दुकानात शिव्या त्यालाच बसतात.

गोल पिनेच्या जुन्या लॅपटॉपसाठी बाजारात एक जोडतार मिळते. तिच्या एका टोकाला टाईप-सी व दुसऱ्या टोकाला गोल पिन असते. ती चार्जरकडून परस्पर २० व्होल्ट मागून घेते. साडेएकोणीस व्होल्टचा एक लॅपटॉप तिच्यावर नीट चालला. दुसऱ्याने मात्र चार्जर ओळखता येत नाही असा संदेश पडद्यावर झळकावला व तो मंद झाला. तथापि या जोडतारेबाबत सावध राहावयास हवे. तिच्या गोल टोकाला पोहोचल्यावर बोलणी संपतात आणि २० व्होल्ट पुन्हा मुके होतात. ते टोक राउटरमध्येही बसते, म्हणून जोडतारेला आम्ही लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.

केबलकडे आपण फारसे लक्ष देत नाही, वस्तुतः ती तिसरी पक्षकार आहे. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच. म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. चार्जरवर ६५ लिहिले असले तरी उरलेल्या ५ वॅटांसाठी ५ अँपिअरची, टोकात ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. केबल वाईट असली तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण गूगलचे अभियंता बेन्सन लाँग यांचे आहे. २०१५ पासून ते बाजारातील टाईप-सी केबली स्वखुशीने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध करीत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आतल्या तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. पिन अर्थातच व्यवस्थित बसली होती.

खरेदी करताना चार्जरच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत. 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट व अँपिअरच्या जोड्या असतात. त्यांत २० व्होल्टची जोडी नसेल तर तो लॅपटॉपच्या बहुधा कामाचा नाही. तसेच भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळता येतो. याच ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये टाईप-सीचे भारतीय मानक जाहीर केले. युरोपीय संघाने तर मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून ही पिन सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. कायद्याने पिना सारख्या होतील. मात्र त्या रोधक गाळलेल्या टॉर्चसारखा माल घरोघरी आधीच पोहोचलेला आहे.

एक बाब राहिली. आमच्या चार्जरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये काही लावले की ६५ वॅटची वाटणी ४५ आणि २० अशी होते. त्या वेळी लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर तुटते व बोलणी नव्याने होतात. त्यामुळे खोलीत सध्या रात्री दहापर्यंत लॅपटॉप एकटा, त्यानंतर दोन मोबाइल, असा क्रम आहे. राउटर आपल्या जुन्या चार्जरवरच आहे.