लहान गांवचा रस्ता आणि खानेसुमारी

गांवास रस्ता कां नाहीं, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण बहुधा सरकारकडे अगर पुढाऱ्यांकडे बोट दाखवितों. परंतु पुष्कळ लहान गांवांचा रस्ता कागदावरच अडलेला असतो, आणि तो कागद म्हणजे खानेसुमारीचें पुस्तक होय. या गोष्टीकडे आमच्या वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ज्या वस्तीस बारमाही रस्ता नाहीं तिला तो मिळवून द्यावा, हा तिचा उद्देश. पण वस्ती केवढी असावी याचें माप ठरलेलें होतें. २००१ सालच्या खानेसुमारीप्रमाणें सपाट मुलखांत ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी मुलखांत २५० माणसें हवींत. २०२४ सालीं मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यांत २०११ ची खानेसुमारी धरण्यांत आली. परंतु सर्वसाधारण भागासाठीं ५०० चें माप कायम राहिलें.

आतां खानेसुमारीची वेळ पाहूं. २००१ आणि २०११ या दोन्ही सालीं माणसें मोजण्याचें काम ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत चाललें. या सर्व दिवसांत जो घरीं नव्हता, त्याची गणना तो जेथें सांपडला तेथें झाली. बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कोरडवाहू गांवांची त्या महिन्यांत काय स्थिति असते? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात, त्या गळिताचा हंगाम संपल्यावरच परततात. फेब्रुवारींत अनेक घरीं म्हातारीं माणसें व शाळेंतलीं मुलें तेवढीं असतात. समजा, ५६० वस्तीच्या गांवांतून ८० माणसें तोडीस गेलीं. पुस्तकांत ४८० उरलीं आणि रस्ता हुकला.

येथें एक दुष्टचक्र सुरू होतें. ओढ्यास पाणी आलें कीं दुधाची किटली वेळेवर डेअरीस पोहोंचत नाहीं. भाजी बाजार गांठण्यापूर्वींच मान टाकते. अडलेल्या बाळंतिणीस बाजेवर घालून न्यावें लागतें. शेतीस जोडधंदा नाहीं, म्हणून दोन एकरांच्या धन्यासही कोयता उचलावा लागतो. तो गेला कीं वस्ती घटते, आणि वस्ती घटली कीं रस्ता लांबतो.

यावर उपाय काय? २०२५ सालच्या सूचनेप्रमाणें पुढील खानेसुमारीची तिथि १ मार्च २०२७ ठरली, म्हणजे मोजणी पुन्हां ऐन तोडीच्या हंगामांतच. खोटीं नांवें घालावींत, असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. परंतु मागील नियमांप्रमाणें, जो त्या मुदतींत थोडे दिवस तरी आपल्या नेहमींच्या घरीं असे, त्याची गणना घरींच होत असे. हें घरच्या माणसांनीं ध्यानांत ठेवावें. ग्रामसभेनें दरसाल तोडीस जाणाऱ्यांची यादी करावी आणि ती रस्त्याच्या मागणीस जोडावी. सरकारनेंही वस्तीचें माप लावतांना ती यादी जमेस धरावी, अशी आमची मागणी आहे. तसेंच, योजनेच्या मूळ नियमांत ५०० मीटरांच्या आंतील वाड्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची सोय होती. म्हणून प्रत्येक शेतवस्तीची नोंद नीट झाली कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें आहे.

शेवटीं स्वतःसही चार शब्द सुनावले पाहिजेत. या योजनेंत जमीन विकत घेण्यास पैसा नाहीं. जागा बहुधा गांवानेंच मोकळी करून द्यावी लागते. आपल्यापैकीं कित्येकांनीं बांध कोरून पाणंद शेतांत घेतली आहे, हें कोणास ठाऊक नाहीं? पुस्तकांत ५०० चा आंकडा भरला आणि पाणंदींत मात्र नांगर फिरत राहिला, तर त्या रस्त्यास अडविणारे आपणच ठरूं. तेवढी हातभर जमीन पावसाळ्यापूर्वीं आपण होऊन सोडावी, अशी आमच्या वाचकबंधूंस आग्रहाची विनंती आहे.