आकाशाचा सातबारा
(लेखांक चौथा : विद्यापीठाचे आवार आणि ड्रोन)

2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री-अपरात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी वार्ता पसरली आणि चोरमंडळी वरून पाहणी करून जातात हा समज वाड्यावस्त्यांवर इतका दृढ झाला की गावोगावी रात्रीचे पहारे बसले, तेव्हा पारावरच्या जाणत्या माणसांनाही एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता येईना : या यंत्राला उडण्याची परवानगी देतो तरी कोण? वरकुट्यासारख्या गावचा एखादा मुलगा विद्यापीठात शिकावयास जातो आणि प्रयोगशाळेत स्वहस्ते ड्रोन जुळवतो, तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहतो. फरक एवढाच की त्याला त्याचे उत्तर सापडल्याचा भ्रम असतो. कुलसचिवांच्या सहीशिक्क्याचे पत्र खिशात आहे, मग आणखी काय हवे?

परंतु सातबारा जमिनीचा असतो, आकाशाचा नव्हे. 25 ऑगस्ट 2021 रोजी अंमलात आलेल्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या अशा तीन पट्ट्यांत विभागले असून, हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटर अंतरावर हीच मर्यादा 200 फुटांवर येते; पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची अनुमती लागते आणि तांबड्यात थेट केंद्र सरकारची. बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात, हे परिसरातील महाविद्यालयांनी विसरू नये.

विद्यापीठांना या नियमांनी एक मोठी सवलत दिली आहे, आणि घोटाळा होतो तो तिच्यापाशीच. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेस संशोधन, विकास आणि चाचणी यांसाठी नोंदणी क्रमांक, प्रकार-प्रमाणपत्र, पूर्वपरवानगी वा चालकाचे प्रमाणपत्र यांपैकी काहीही लागत नाही. मात्र जागा हिरव्या पट्ट्यातील हवी आणि ती संस्थेच्या आवारातील किंवा संस्थेच्या ताब्यातील मोकळी जागा हवी. म्हणजे सवलत मिळते ती संशोधनाला, संस्थेच्या पाटीला नव्हे. पदवीदानाच्या मिरवणुकीचे चित्रण हे कितीही मनोहर असले तरी संशोधन नाही, आणि त्यासाठी बोलावलेल्या छायाचित्रकाराला हे अभय लागू होत नाही. तोच विद्यार्थी सुटीत तेच यंत्र गावी नेऊन चुलत्याच्या उसावर फवारणी करू लागला, तर कालचा संशोधक आज केवळ चालक ठरतो. फवारणीचे ड्रोन बहुधा 2 ते 25 किलोच्या ‘लहान’ वर्गात मोडतात. त्यांना नोंदणी आणि विमा हवा, आणि चालक 18 ते 65 वर्षांचा, दहावी उत्तीर्ण व मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षित हवा. असे प्रशिक्षण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मिळते. आपल्या भागातील तरुणांनी ते अवश्य घ्यावे, असे मला वाटते. कारण प्रमाणपत्राचा खर्च एका हंगामाचा असतो, धाक मात्र कायमचा जातो.

नकाशाचे रंगही अढळ नसतात. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकारी एखादा टापू एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता तांबडा ठरवू शकतो. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते त्या दिवसांत असा हुकूम निघाला, तर कालच्या हिरव्या मैदानावरूनही आज उडता येणार नाही. म्हणून ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा उड्डाणाच्या दिवशीच, उड्डाणापूर्वीच पाहावा. विम्याचा विषय पुढील लेखांकात घेऊ.