नगराची वाढ आणि कामकऱ्याचें घर

शहर सुधारावें, रस्ते रुंद व्हावेत, याविषयीं सुशिक्षित कुटुंबांत दुमत नसतें. या सुधारणेचें मोल कोणीं द्यावें, हा प्रश्न मात्र आपल्या दिवाणखान्यांत क्वचितच निघतो.

आमच्या मराठवाड्याचेंच पाहा. सातव्या निजामाचें नांव धारण करणारी उस्मानशाही गिरणी नांदेडास चालत असे, तेव्हां तिच्या भोंग्यावर कामकरी वस्तीची दिनचर्या चाले. पुढें गिरणी बंद पडली. सिडकोनें नवें नांदेड वसविलें; १९९७ सालीं महानगरपालिका झाली. २००८ सालच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त केंद्राच्या नेहरू नागरी योजनेंतून रस्ते रुंद झाले, गुरुद्वाराचा परिसर मोकळा झाला. यात्रेकरूंची सोय झाली हें निःसंशय. परंतु रस्ता रुंद होतो, तेव्हां आधीं हलतो तो कडेचा लहान धंदेवाला. तथापि त्याच योजनेखालीं नांदेडच्या कांहीं वस्त्यांत लोकांस न उठवितां, आहे त्या जागींच पक्कीं घरें बांधलीं गेलीं, हीहि गोष्ट विसरतां कामा नये.

लातुरांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें दिसतो. १९१७ सालच्या गंजगोलाईस सोळा रस्ते मिळतात. हमालाच्या पाठीवरच ही बाजारपेठ वाढली. आज शिकवणीवर्गांनीं लातुराचें नांव दूरवर नेलें आहे. विद्येचें हें वैभव स्पृहणीय खरें. पण विद्यार्थ्यास दिलेली खोली अधिक भाडें देऊं लागली, म्हणजे हमालास तेथें बिऱ्हाड कोण देणार?

या दुर्लक्षाचा परिणाम मुंबईच्या गिरणगांवांत दिसतो. १९८२ सालच्या जानेवारींत सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांपैकीं अनेकांना पुनः काम मिळालें नाहीं. गिरण्यांची जमीन सुमारें सहाशें एकर. १९९१ च्या नियमानें तिचे स्थूलमानानें तीन वांटे व्हावयाचे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरबांधणीस, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी आधींपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. नियमांतील चार शब्द बदलले, आणि कामकऱ्याच्या हक्काची भूमि आकसली.

यांत पांढरपेशांचें कर्तव्य कोणतें? १९६६ च्या नगररचना कायद्यानें विकास आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार प्रत्येकास दिला आहे. त्याची मुदत मोजकी, भाषा क्लिष्ट. मोलकरीण, सुतार, हमाल यांस ती जाहिरात कोण वाचून दाखविणार? घरांतील एखाद्या पदवीधर मुलानें वा सुनेनें जवळच्या वस्तींत बसून तो नकाशा समजावून द्यावा व हरकतीचा अर्ज लिहून द्यावा. एवढ्यास ना वर्गणी लागते, ना सभा.

जुना वाडा उतरवून नवा बांधतांना शहाणा कर्ता चुलीची जागा आधीं ठरवितो, दिवाणखान्याची मागून. नगराची चूल ज्यांच्या श्रमांवर पेटते, त्यांची जागाहि आराखड्यांत आधींच ठरली पाहिजे.