उपभोग-खर्च पाहणी, कौटुंबिक

उपभोग-खर्च पाहणी, कौटुंबिक : कुटुंबे अन्न, वस्त्र, इंधन, शिक्षण, औषधोपचार इ. बाबींवर किती व कसा खर्च करतात, यासंबंधी निवडक कुटुंबांकडून पद्धतशीरपणे माहिती गोळा करण्याचे कार्य. भारतात हे कार्य राष्ट्रीय नमुना पाहणीमार्फत होते. दारिद्र्याचे प्रमाण, लोकांच्या आहारातील पोषणमूल्ये आणि ग्राहक किंमत निर्देशांकातील वस्तूंचे भार हे सर्व मुख्यतः याच पाहणीवरून ठरतात. त्यामुळे प्रश्नावलीतील वरवर किरकोळ दिसणाऱ्या फेरफारानेही देशातील दरिद्री लोकांच्या संख्येत कोट्यवधींचा फरक पडू शकतो.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९६०–६१ च्या पाहणीच्या आधारे केलेला दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २,२५० उष्मांक पुरविणारा आहार मिळण्याइतपत खर्च ग्रामीण भागातील सु. ४० टक्के व शहरांतील सु. ५० टक्के लोकांना करता येत नाही, असे त्यांनी दाखविले. १९७२–७३ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी मोठ्या नमुन्याची पाहणी घेण्याचा प्रघात पडला.

स्मरणकालाचा प्रश्न : फारच थोडी कुटुंबे खर्चाची टिपणे ठेवतात. त्यामुळे उत्तर स्मरणावर अवलंबून राहते व ‘किती दिवसांतील खर्च?’ हा प्रश्न कळीचा होतो. कालावधी लांब असल्यास माणूस विसरतो. उलट तो आखूड असल्यास दहा दिवसांपूर्वी आणलेली साखर ‘गेल्या आठवड्यात’ आणल्याचे सांगितले जाते आणि खर्च फुगतो. शिवाय खरेदीच्या सवयी भिन्न असतात. पगारदार कुटुंब महिन्याचा वाणसामान एकदम भरते, तर रोजंदारीवरील कुटुंब मीठमिरची रोजच्या रोज आणते. दोघांना एकच कालावधी सारखाच सोयीचा असेल, असे नाही.

आरंभीच्या वर्षांत महालनोबीस व एस. बी. सेन यांनी पश्चिम बंगालमध्ये एक प्रयोग केला. काही कुटुंबांत खाद्यवस्तूंचा वापर प्रत्यक्ष वजन करून नोंदविला व इतरांना आठवड्याविषयी किंवा महिन्याविषयी विचारले. महिन्याची उत्तरे वजनाच्या आकड्यांशी अधिक जुळली. तेव्हापासून ३० दिवसांचा स्मरणकाल रूढ झाला व त्यावर पुढे सु. चार दशकांची तुलनीय मालिका उभी राहिली.

कपडे, पादत्राणे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांची अडचण वेगळी आहे. बारा कुटुंबे वर्षातून एकेकदा, निरनिराळ्या महिन्यांत, ६,००० रुपयांचे कापड घेतात असे मानू. ३० दिवसांचा हिशेब विचारल्यास एका कुटुंबाचा खर्च ६,००० व अकरांचा शून्य दिसेल. वर्षाचा विचारल्यास प्रत्येकाचा मासिक खर्च ५०० दिसेल. सरासरी तीच, पण पहिल्या रीतीत तळाची कुटुंबे वास्तवापेक्षा अधिक गरीब भासतात.

१९९४ ते १९९८ या काळातील ५१ ते ५४ या फेऱ्यांत दोन प्रश्नावल्यांची परीक्षा घेण्यात आली. काही कुटुंबांना जुनी, तर काहींना नवी प्रश्नावली यदृच्छया देण्यात आली. नवीत अन्नासाठी ७ दिवस, क्वचित होणाऱ्या खरेदीसाठी ३६५ दिवस व उरलेल्या बाबींसाठी ३० दिवस असा काल होता. नव्या प्रश्नावलीत अन्नखर्च सु. ३० टक्क्यांनी अधिक आढळला. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी दाखविल्याप्रमाणे एवढ्यानेच दरिद्री लोकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येत होती.

यानंतरची १९९९–२००० ची ५५ वी फेरी ही तडजोडीची होती आणि ती महागात पडली. अन्नासाठी ७ व ३० दिवसांचे रकाने शेजारीशेजारी ठेवून दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला विचारण्यात आले. साहजिकच उत्तर देणारा व अन्वेषक दोघेही एका आकड्याचा मेळ दुसऱ्याशी घालू लागले. पूर्वीच्या प्रयोगात दिसलेली तफावत जवळजवळ नाहीशी झाली, ती आकडे अचूक झाले म्हणून नव्हे, तर ते एकमेकांत मिसळले म्हणून. १९९३–९४ मधील ३६ टक्क्यांवरून दारिद्र्य २६.१ टक्क्यांवर आल्याचा निष्कर्ष निघाला. परंतु त्यातील घट किती व मापनाचा दोष किती, यावर अनेक वर्षे वाद चालला. आर्थिक सुधारणांच्या पहिल्याच दशकाचे मूल्यमापन या वादात अडकले. ज्या वस्तूंचा स्मरणकाल बदललाच नव्हता त्यांच्या खर्चावरून डीटन यांनी दुरुस्त अंदाज काढला. त्यांच्या मते घट झाली होती, पण अधिकृत आकड्याइतकी नव्हे. या गोंधळाचे खापर स्मरणकालावर न फोडता दोन पद्धती एकत्र करण्याच्या निर्णयावर फोडणे अधिक न्याय्य ठरेल.

२००४–०५ मध्ये अन्नासाठी पुन्हा ३० दिवसांचा एकच काल घेण्यात आला. क्वचित खरेदीच्या पाच गटांसाठी मात्र ३० व ३६५ असे दोन्ही काल विचारले गेले. एकाच पाहणीतून दारिद्र्याचे दोन आकडे निघाले : २७.५ टक्के व २१.८ टक्के. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये वार्षिक स्मरणकालाचा समावेश असलेली मिश्र पद्धत स्वीकारली. २००९–१० व २०११–१२ च्या फेऱ्यांत स्वतंत्र कुटुंबांसाठी तिचे सुधारित रूप वापरले गेले : भाजी, फळे, अंडी, मांस-मासे, खाद्यतेल इत्यादींना ७ दिवस, तर धान्य व डाळींना ३० दिवस.

२०१७–१८ च्या पाहणीचे निष्कर्ष आधारसामग्रीच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. त्याआधी एका दैनिकात आलेल्या आकड्यांनुसार २०११–१२ च्या तुलनेत दरडोई वास्तव खर्च घटला होता. त्यामुळे हा निर्णय केवळ तांत्रिक होता की नाही, याविषयी शंका घेतली गेली. परिणामतः एका दशकाहून अधिक काळ उपभोगाचे अधिकृत आकडेच उपलब्ध नव्हते.

२०२२–२३ ची फेररचना : ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत २,६१,७४६ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. शेकडो वस्तूंची यादी एकाच बैठकीत वाचली की उत्तर देणारा कंटाळतो व शेवटच्या पृष्ठांवर ‘काही नाही’ अशी उत्तरे वाढतात. यावर उपाय म्हणून प्रश्नावलीचे तीन भाग केले : अन्न, उपभोग्य वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू. प्रत्येक भागासाठी अन्वेषक वेगळ्या महिन्यात त्याच घरी गेला. वस्तूंची संख्या ३४७ वरून ४०५ झाली. कागदाऐवजी संगणकीय साधनावर उत्तरे नोंदविली गेली. शासनाकडून विनामूल्य मिळालेल्या धान्यादी वस्तूंचे अंदाजी मूल्यही वेगळे काढण्यात आले. सधन कुटुंबे नमुन्यातून निसटू नयेत म्हणून शहरांत मोटारगाडीची मालकी व ग्रामीण भागात जमीनधारणा यांवरून कुटुंबांचे स्तर पाडण्यात आले.

मासिक दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रु. व शहरी भागात ६,४५९ रु. आढळला. २०११–१२ मध्ये तो अनुक्रमे १,४३० व २,६३० रु. होता. ग्रामीण खर्चातील अन्नाचा वाटा ५२.९ टक्क्यांवरून ४६.४ टक्क्यांवर आला. मात्र ही वाढ सर्वस्वी राहणीमानातील नाही. तिच्यातील मोठा भाग भाववाढीचा असून काही भाग तीन भेटींच्या पद्धतीमुळे पूर्वी निसटणारा खर्च नोंदला गेल्याचाही असू शकतो. १९९४–९८ प्रमाणे जुनी व नवी प्रश्नावली समांतर न वापरल्याने हे अंश वेगळे करता येत नाहीत. तीच रचना २०२३–२४ मध्ये पुन्हा वापरण्यात आली आणि खर्च अनुक्रमे ४,१२२ व ६,९९६ रु. आढळला, या दोन वर्षांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येतात.